फ्रेंचमधला फ्युत्युर आंतेरिअर: "झालं की" आणि "झालेलं असेल" यात माझी वाट लागलीये

चोडणची_फेरी

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पणजीत अकाउंट्समध्ये आहे, राहायला चोडणला. गेल्या वर्षापासून ऑफिस सुटल्यावर फ्रेंचच्या क्लासला जाते. ए टू पातळी झाली, आता डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेच्या बी वन पातळीची तयारी चाललीये. पासे काँपोजे, म्हणजे "केलं, झालं"वाला भूतकाळ, जमला, अँपार्फे, म्हणजे "करत होते"वाला, रडतखडत जमला, पण आता हा फ्युत्युर आंतेरिअर आलाय आणि गाडी रुतलीये. बनवायला येतो हो. आव्वार (जवळ असणे) नाहीतर एत्र (असणे) भविष्यकाळात घालायचं, पुढे क्रियापदाचं पार्तिसिप पासे, म्हणजे झालेलं रूप. जोरे फिनी, म्हणजे माझं संपलेलं असेल, मग त्यु ओरा फिनी, इल ओरा फिनी, नू-झोराँ, वू-झोरे, इल-झोराँ. एत्रवालं ज सरे पार्ती, म्हणजे मी गेलेली असेन, त्यु सरा पार्ती. तक्ता झोपेत विचारा. पण वाक्यात कधी घालायचा तेच कळत नाही.

गेल्या आठवड्यात निबंध होता, उद्या काय काय करणार. मी लिहिलं की काम संपलं की फेरी पकडीन, घरी पोचले की आईला फोन करीन, जेवण झालं की टीव्ही बघीन, असं सगळं. प्रत्येक ठिकाणी "काँ" (जेव्हा) आणि पुढे पासे काँपोजे, काँ जे फिनी, काँ ज स्वी आरिव्हे. वही परत आली ती लाल होऊन. सात वाक्यं, सात गोल. सरांना विचारलं का हो, तर म्हणाले काँच्या पुढे भविष्य येतं, पाठ करा. केलं पाठ. मग पुढच्या निबंधात सगळीकडे फ्युत्युर आंतेरिअर ठोकला तर त्यातलेही तीन चुकले!

तर प्रश्न असा की मराठी डोक्याने हे नक्की कसं धरायचं? नियम पुस्तकात आहेत, मला डोक्यात बसणारं काहीतरी हवंय.

उंडो_गरम

पहिला! फ्रेंच शून्य येतं, पण पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कोकमकढी

ताई, तुम्हाला कोणी नावाचा अर्थ सांगितला असता तर निम्मं काम झालं असतं. आंतेरिअर म्हणजे आधीचा. दोन गोष्टी पुढे व्हायच्या आहेत, त्यातली जी आधी उरकणार तिला हा, आणि मागाहून होणारीला साधा फ्युत्युर सँप्ल. वाक्यात गोष्ट एकटीच असेल तर कशाच्या आधी ते कुठेतरी दिसायला हवं, आव्हाँ मिदी म्हणजे दुपारच्या आधी, दिसी लँदी म्हणजे सोमवारपर्यंत, असं काहीतरी.

तुमचे ते तीन बहुतेक असे चुकले असणार की दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतायत तिथेही तुम्ही तोच घातलात. हे बघा:

काँ त्यु आरिव्हरा, ज फरे द्यु ते. तू आलास की चहा करते.
काँ त्यु आरिव्हरा, जोरे फे द्यु ते. तू येशील तेव्हा चहा झालेला असेल.

पहिल्यात पाहुणा पंख्याखाली बसून वाट बघणार, दुसऱ्यात आल्या आल्या कप हातात. काँ दोन्हीकडे तोच आहे, म्हणजे काँ बघून काळ ठरत नाही, चहा कधी झाला त्यावर ठरतो.

चोडणची_फेरी

अहो हेच! तीनपैकी एक वाक्य होतं "पाऊस पडेल तेव्हा छत्री उघडीन". मी लिहिलं काँ इल ओरा प्ल्यु. सरांनी बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, "पाऊस पडून गेल्यावर छत्री कशाला?" मला वाटलं होतं टोमणा मारतायत.

उंडो_गरम

गोव्यात पाऊस पडून गेला असं कधी होतं का? सप्टेंबरपर्यंत छत्री उघडीच ठेवा.

पेडणेकर_मास्तर

बाय, मी आयुष्यभर मराठी शिकवली, फ्रेंच शिकलो ते निवृत्तीनंतर नातीच्या नादाने. तेव्हा फ्रेंचचा अधिकार माझा नाही पण मराठीचा थोडाफार आहे, म्हणून लिहितो.

तुझ्याकडे हा काळ जन्मापासून आहे. "गेला असेल." हाच तो. पुढे असणेचं भविष्यकाळी रूप, मागे क्रियापदाचं झालेलं रूप. इल सरा पार्ती शब्दाला शब्द लावून बघ, फक्त क्रम उलटा. बरं, आपला "गेला असेल" दोन कामं करतो. उद्या या वेळेपर्यंत तो मुंबईला पोचला असेल, हे एक काम, खरोखरीचं पुढचं. आणि बाबा अजून कसे आले नाहीत, बस चुकली असेल, हे दुसरं. दुसऱ्यात भविष्य कुठलं, बस चुकलीये ती मघाशी, आपण नुसता अंदाज करतोय. फ्रेंचमध्ये तस्सं आहे! इल ओरा राते साँ ब्युस. त्याची बस चुकली असेल. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नातीला हाक मारून दाखवलं, तिला काही विशेष वाटलं नाही.

आणि वर्गात आपण म्हणतो ना, "तुमच्या लक्षात आलंच असेल"? वू-झोरे रमार्के. फ्रेंच मास्तरही हेच म्हणतात.

आता तुझे सात गोल. "काम झालं की" यातलं "झालं" हा भूतकाळ नव्हे. दिसतो तसा. ते फक्त उरकल्याची खूण आहे, काळ कुठला ते पुढचं क्रियापद सांगतं. पोरगं आतल्या खोलीतून "आलो हं!" म्हणून ओरडतं तेव्हा ते अजून चपला शोधत असतं, तरी आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. तू "झालं" बघून पासे काँपोजे लावलास. फ्रेंच माणूस तिथे विचारतो, झालं ते कधी? उद्या ना? मग उद्याचं रूप लाव.

म्हणून मनात "काम झालं की" आलं तर लिहायच्या आधी ते "काम झालेलं असेल तेव्हा" असं करून बघ. मराठीत ते वाईट दिसेल, कोणी तसं बोलत नाही, पण वहीवर गोल येणार नाही.

माटोळी

मास्तर, प्रतिसाद वाचनखूण साठवलाय. मी शाळेत फ्रेंच शिकवते, उद्या हेच वर्गात वापरणार, रॉयल्टी मागू नका.

कोंकणीतपण तेंच की. तो पावलो आसतलो, ती पावली आसतली.

तारवटी

मी बोटीवर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, सात वर्षं काढली, सू-शेफ फ्रान्समधल्या मार्सेचा होता. पुस्तक एकदाही उघडलं नाही, जे येतं ते शिव्यांसकट त्याच्याकडून. तो असं कधीच बोलायचा नाही जसं तुमच्या पुस्तकात आहे. विचारलं सॉस झाला का, तर "जे फिनी दाँ सँक मिन्युत". म्हणजे शब्दशः, माझं पाच मिनिटांत झालंय. पासे काँपोजे आणि तोही पुढच्यासाठी! म्हणजे मास्तरांचं "आलो हं" फ्रेंच लोकपण करतात, मग ताईला कशाला सात गोल?

चोडणची_फेरी

हो ना!! मग मला का?

कोकमकढी

कारण तारवटीदादांचा शेफ एकच वाक्य बोलतोय आणि त्यात दाँ सँक मिन्युत उघड आहे, त्यामुळे पुढचंच आहे ते कळतं, आणि बोलण्यात हे चालतं, खूप चालतं. पण काँ, दे क, लोर्स्क, ओसितो क, यून फ्वा क, म्हणजे "तेव्हा, झालं की, लगेच" अशा अर्थाच्या शब्दांच्या मागून पुढची गोष्ट येत असेल तर तिथे भविष्यच हवं, बोलतानाही. दे क त्यु ओरा फिनी, त्यु मापेलरा. तुझं झालं की लगेच मला फोन कर. तुमचा शेफही इथे "दे क त्यु आ फिनी" म्हणाला नसता.

तारवटी

खरं आहे. "दे क त्यु ओरा फिनी ले झोन्याँ" हे रोज ऐकलंय. कांदे झाले की पुढचं काम. कांदे कधी संपायचे नाहीत तो भाग वेगळा.

गेस्टहाऊसवाला

माझा किस्सा ऐका. शिवोलीला दोन खोल्या भाड्याने देतो, फ्रेंच पाहुणे बरेच येतात आणि मला हौस, मेल फ्रेंचमधून लिहायची. एका जोडप्याला लिहायचं होतं की तुम्ही याल तोवर तुमची खोली तयार केलेली असेल. जोरे प्रेपारे व्होत्र शाँब्र. ऐकायला बरोबर. लिहिताना ओरेच्या शेवटी मी एक एस जास्त लावला, ए-आयच्या जागी ए-आय-एस. तो एस बोलत नाहीत, ऐकू येत नाही, पण त्याने वाक्याचा अर्थ झाला, "मी तुमची खोली तयार केली असती".

अर्ध्या तासात उत्तर. एकच शब्द आणि प्रश्नचिन्ह. "मे...?" म्हणजे, पण...?

त्या बिचाऱ्यांना वाटलं खोली गेली दुसऱ्याला. विमानतळावरून फोन आला त्यांचा.

उंडो_गरम

हाहाहा! "असेल"चं "असतं" झालं. एका एसमध्ये.

माटोळी

वर्गात दर वर्षी निम्मी मुलं इथे पडतात. जे शुद्ध बोलतात ते ओरे आणि ओरॅ असा थोडा फरक करतात, पहिल्यात तोंड जरा मिटलेलं, दुसऱ्यात उघडं. पण खुद्द फ्रान्समध्ये कितीतरी लोक दोन्ही सारखंच बोलतात, त्यामुळे कानावर विसंबू नका. खात्री नसेल तर "ज" काढून "नू" घालून बघा. नू-झोराँ म्हणजे असेल, नू-झोरियाँ म्हणजे असतं. तिथे फरक स्पष्ट ऐकू येतो.

सांज_साखळीची

मला मूळ अडचण वेगळी आहे. एत्र कुठे आणि आव्वार कुठे. इंग्रजीतून शिकले त्यामुळे ते डॉक्टर अँड मिसेस व्हँडरट्रँप पाठ केलं होतं, एकेक अक्षर म्हणजे एकेक क्रियापद. परीक्षेत मिसेस आठवली, डॉक्टर आठवला, व्हँडरट्रँपमधला दुसरा आर कशाचा ते आठवेना. तोंडीला "मी गेलेली असेन" यासाठी ज सरे आलेच्या जागी म्हणून टाकलं जोरे आले. समोरच्या बाई नुसत्या हसल्या, तेवढ्यावर मला घाम.

माटोळी

फ्रेंच शाळांत घर काढतात, एत्रचं घर. मी फळ्यावर आपलं गोव्याचं घर काढते. बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, आजी बसून राहिली, रेस्ते. सून पायऱ्या चढली, माँते. पोरगा उतरला, देसाँद्र. कोणी आत आलं, कोणी बाहेर गेलं, कोणी शेणाच्या जमिनीवर पाय घसरून पडलं, तोंबे. आतल्या खोलीत एक जन्मला, न्येत्र, आणि एक गेला, मुरिर. एवढ्या घरात जे जे होतं त्याला एत्र. मुलांना आजी लक्षात राहते.

पेडणेकर_मास्तर

घर चांगलं आहे. पण मराठी माणसाला त्याहून सोपी खूण आहे. "ने" लागतो का बघा. तो गेला, आला, पोचला, पडला, चढला, मेला, राहिला. कुठे ने नाही, एत्र. त्याने खाल्लं, केलं, लिहिलं. ने आहे, आव्वार.

कोकमकढी

मास्तर, माफ करा, पण ही खूण निम्मीच चालते. तो झोपला, धावला, पोहला, हसला. ने नाही, तरी फ्रेंचमध्ये सगळी आव्वारवाली आहेत. इल ओरा दोर्मी, इल ओरा कूर्यु. तुमच्या हिशेबाने कोणी "इल सरा दोर्मी" लिहिलं तर गोल येणार.

पेडणेकर_मास्तर

हरकत मान्य. मग असं म्हणू, एत्र घेणाऱ्या त्या घरातल्या क्रियापदांना मराठीत ने लागत नाही, पण ने लागत नाही म्हणून एत्र असं नाही. एकाच बाजूने उघडणारं दार आहे. तरी उपयोग आहे त्याचा, कारण ने लागला की आव्वार हे पक्कं. सोर्तिर बघा. तो बाहेर गेला, इल सरा सोर्ती. त्याने कचरा बाहेर काढला, इल ओरा सोर्ती ला पूबेल. तेच क्रियापद, पण कर्म आलं, मराठीत ने आला, फ्रेंचमध्ये आव्वार आलं. माँते, देसाँद्र, पासे यांचंही असंच.

एक सावधगिरी, तपासताना "मी" आणि "तू" घेऊ नका, त्यांना मराठीत ने दिसतच नाही. "तो" घेऊन तपासा.

सांज_साखळीची

आणि उठणे, अंघोळ करणे अशी स्वतःचं स्वतः करायची, आधी म, त, स लागतं ती? तिथे अंघोळ "त्याने केली" होते ना.

पेडणेकर_मास्तर

ती वेगळी रांग. स लागलं की डोळे मिटून एत्र. ज म सरे लव्हे, मी उठलेली असेन. तिथे माझा ने घरी ठेवा.

माटोळी

आणि मुलींनो, एत्रवाल्यात लिहिताना शेवटचा ई विसरू नका. तो पार्ती आणि ती पार्ती ऐकायला एकच पण कागदावर तिचा एक ई जास्त. आपण "गेला असेल, गेली असेल" करतोच की.

आव्वारमध्ये कर्त्याप्रमाणे काही बदलत नाही, पण कर्म आधी आलं तर कर्माप्रमाणे बदलतं. ला लेत्र किल ओरा एक्रीत, त्याने लिहिलेली चिठ्ठी. एक्रीचं एक्रीत झालं, चिठ्ठी बाईमाणूस म्हणून. कर्म मागून आलं तर इल ओरा एक्री यून लेत्र, काही बदल नाही. मराठीत "त्याने चिठ्ठी लिहिली" काय आणि "चिठ्ठी त्याने लिहिली" काय, लिहिलीच. आपलं क्रमावर अवलंबून नाही, त्यांचं आहे.

आल्तिनोचे_आजोबा

उशिरा आलो. १९६१ साली मी १५ वर्षांचा होतो, पणजीत आल्तिनोवरच्या लिसेंवमध्ये, म्हणजे सरकारी हायस्कुलात, पोर्तुगीजमधून शिकत होतो आणि तिथे आम्हाला फ्रेंच होतं. डिसेंबरात मुक्ती झाली आणि माझं फ्रेंच भूतकाळातच राहिलं, भविष्यकाळाचा धडा यायचा होता. विनोद नाही, खरंच तसं झालं. तो धडा मी साठीनंतर स्वतः शिकलो.

ज्यांच्या घरात पोर्तुगीज आहे त्यांच्यासाठी दोन खड्डे सांगतो. पोर्तुगीजमध्ये सहायक एकच, तेर. एला तेरा शेगादु, ती पोचली असेल. त्यात ती आहे म्हणून शेवट बदलत नाही. त्यामुळे फ्रेंचमध्ये एत्र वापरायचं आणि ई लावायचा, दोन्ही आमच्या हातून सुटतं. सांजबाई, ते तुमचं जोरे आले मीही बोललो आहे, पण माझं कारण पोर्तुगीज होतं, मिसेस व्हँडरट्रँप नव्हे.

दुसरा खड्डा मोठा. पोर्तुगीजमध्ये क्वांदुच्या, म्हणजे "जेव्हा"च्या, पुढे भविष्याचं वेगळंच रूप येतं, क्वांदु तिव्हेरिश आकाबादु, तुझं झालेलं असेल तेव्हा. त्याला ते कोंजुंतिवु म्हणतात. मी वर्षभर फ्रेंचमध्ये काँच्या पुढे सब्जाँक्तिफ, म्हणजे आपल्या "व्हावं, करावं"सारखं रूप, लावत होतो, कारण कान तसा तयार झालेला. फ्रेंचमध्ये तिथे सरळ भविष्य, बाकी काही नाही. खरं म्हणजे फ्रेंच या बाबतीत सोपी आहे.

उंडो_गरम

शेगादु ऐकून वाटलं आजोबा सुशेगाद, म्हणजे निवांत, म्हणतायत.

आल्तिनोचे_आजोबा

तो शब्द वेगळ्या घरातला, सोसेगादु. पण बाबा, पोचल्यावरच सुशेगाद होता येतं, तेव्हा तुझा गोंधळ माफ.

कोकमकढी

आजोबा, सब्जाँक्तिफवरून आठवलं. आप्रे क (नंतर) याच्या पुढे व्याकरणाप्रमाणे सरळ रूप हवं, आप्रे किल सरा पार्ती, तो गेल्यावर. पण फ्रेंच लोक स्वतःच तिथे सब्जाँक्तिफ लावतात, आव्हाँ क (आधी) याला तो लागतो म्हणून. वर्तमानपत्रातसुद्धा सापडतं. परीक्षेत मात्र सरळच लिहा.

गेस्टहाऊसवाला

आणि "जर"? सी लावून कसं? पाहुण्याला सांगायचं होतं, अकरापर्यंत तुमचं आवरलेलं असेल तर टॅक्सी बोलावतो.

कोकमकढी

जर अर्थाच्या सीच्या पुढे भविष्य नाहीच, कुठलंही नाही. तिथे पासे काँपोजे. सी वू-झाव्हे फिनी आव्हाँ ओंझर. म्हणजे ताईंचा "झालं" इथे चालला असता बघा! पण सी जेव्हा "का नाही" या अर्थाने येतो तेव्हा भविष्य चालतं. ज न से पा सिल ओरा फिनी, त्याचं झालेलं असेल का नाही माहीत नाही. मराठीत "तर" बसतो का बघायचं. बसला की भविष्य बंद.

चोडणची_फेरी

म्हणजे काँ असेल तर "झालं"चं भविष्य करायचं आणि सी असेल तर "झालं" तसंच ठेवायचं. हे मला एका वर्षात कोणी सांगितलं नाही!

तारवटी

ताँ क, म्हणजे "जोपर्यंत", राहिलं. शेफचं आवडतं. ताँ क त्यु नोरा पा नेत्वाये, त्यु न सोर्तिरा पा. साफ केल्याशिवाय बाहेर जायचं नाही. ओरा मध्ये, न आणि पा दोन बाजूंना, नेत्वाये मागे. आईने "ताट संपल्याशिवाय उठायचं नाही" म्हणावं तसं.

मास्तरांशी जरा असहमत आहे पण. तो अंदाजवाला, बस चुकली असेल, तो मी बोटीवर फार कमी ऐकला. तिथे सगळे इल आ द्यु राते साँ ब्युस म्हणायचे, चुकली असणार.

पेडणेकर_मास्तर

बोटीवरचं तुम्हालाच माहीत. मी छापील फ्रेंच वाचतो, त्यात बराच भेटतो. दोघंही बरोबर असू.

सांज_साखळीची

छापील म्हटलं म्हणून विचारते. फ्रेंच बातम्यांत कोणी वारलं की हा काळ दिसतो. माणूस गेला, सगळं होऊन गेलं, आणि लिहितात इल ओरा... अंदाज तर नाहीच तो.

आल्तिनोचे_आजोबा

चांगला प्रश्न. तो हिशेब मिटवताना वापरायचा. समजा आपल्या आबे फारिया या गोव्याच्या पाद्रीवर लिहायचं, पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी ज्याचा पुतळा आहे, समोरची बाई झोपी जाताना दाखवलीये तो. १७५६ साली कांदोळीला जन्मला, १८१९ ला पॅरिसात वारला, संमोहनावरचं पुस्तकही फ्रेंचमध्येच लिहिलं. फ्रेंच पत्रकार लिहील, इल ओरा एतोने पारी. पॅरिसला त्याने चकित करून सोडलं. सगळं आयुष्य संपल्यावर मागे वळून केलेली बेरीज असते ती. मराठीत तिथे "करून सोडलं", "करून गेला" येईल, "असेल" नाही. मास्तर, इथे तुमचा "असेल" लागू नाही बरं का.

पेडणेकर_मास्तर

शरण आलो.

माटोळी

अवांतर: फारियाचा विषय निघाला तर ते सांगायलाच हवं. लिस्बनला प्रवचनाला उभा राहिला आणि समोर बडे लोक बघून बोबडी वळली, तेव्हा बाप खालून कोंकणीत पुटपुटला म्हणतात, ही सगळी भाजी, कातर रे भाजी! सांज, तोंडीला आता हेच म्हणायचं मनात. समोरच्या बाई भाजी आहेत.

उंडो_गरम

भाजी कापल्यावर: जोरे... कोणीतरी पुढचं सांगा.

तारवटी

जोरे कूपे ले लेग्युम. भाजी कापून झालेली असेल. शाब्बास, शिकतोस.

गेस्टहाऊसवाला

अजून एक, ताईंच्या परीक्षेसाठी. डेल्फमध्ये फ्युत्युर आंतेरिअरचा वेगळा प्रश्न नसतो. चार भाग, प्रत्येकी २५ मार्क, १०० पैकी ५० ला पास आणि कुठल्याही भागात ५ च्या खाली नको. तेव्हा निबंधात दोन जागी बरोबर बसवा आणि सोडून द्या. मी सगळीकडे घालायला गेलो आणि वाचणाऱ्याला माझा दिवस आधी संपला का नंतर तेच कळलं नसणार.

चोडणची_फेरी

सगळ्यांचे खूप आभार. आज लंच टाइममध्ये परत लिहिलं. तपासा ना.

काँ जोरे फिनी माँ त्राव्हाय, ज प्राँद्रे ल फेरी. दे क ज सरे आरिव्हे आ ला मेझाँ, जापेलरे मा मेर. काँ इल प्लव्रा, जुव्ह्रिरे माँ पाराप्ल्वी.

आरिव्हेला ई जास्तीचा लावलाय, इथे दिसत नाही पण वहीत आहे. छत्री या वेळी पावसातच उघडलीये.

कोकमकढी

तिन्ही बरोबर. एकही गोल नाही.

तारवटी

काळ बरोबर, पण फेरी? ल फेरी म्हणजे समुद्रातली मोठी, गाड्या-ट्रक घेऊन रात्रभर जाणारी. रायबंदर-चोडणसारखी नदी ओलांडून देणारी चपटी असते तिला ल बाक म्हणतात.

माटोळी

थांबा थांबा. ल बाक म्हणजे त्यांची बारावीपण! बाकालोरेआचं छोटं नाव. आणि राते म्हणजे बस चुकणे, तसंच नापास होणे. म्हणजे जोरे राते ल बाक...

पेडणेकर_मास्तर

...माझी फेरी चुकली असेल, किंवा मी बारावी नापास झालेली असेन. बाय, परीक्षकासमोर हे वाक्य जपून.

चोडणची_फेरी

मास्तर, तुमच्या तोंडात साखर नको पडो. आत्ता क्लास सुटून रायबंदरच्या धक्क्यावर पोचले तर ती मधोमध, दिवे दिसतायत नुसते. जे राते ल बाक, "असेल" वगैरे काही नाही, समोर दिसतंय. सरांना मधल्या वेळेत वही दाखवली होती, नुसतं "बियाँ", म्हणजे छान, लिहिलं आणि छत्रीखाली दोन रेघा मारल्या.

गेस्टहाऊसवाला

पुढची कधी?

चोडणची_फेरी

येईल आता पलीकडून. या गर्दीत भरली की सुटते.

उंडो_गरम

मी करू का? भरली की. काँ इल सरा प्लँ! गूगल न बघता, प्लँ शब्द मार्सेच्या शेफचाच, तारवटीने मागे एका धाग्यात शिकवलेला. झाला ना फ्युत्युर आंतेरिअर?

कोकमकढी

वाक्य अगदी बरोबर. पण तो फ्युत्युर आंतेरिअर नाही. प्लँ विशेषण आहे, भरलेली. सरा म्हणजे नुसतं असेल. दिसतं तसं, पण हा साधाच भविष्यकाळ.

उंडो_गरम

म्हणजे बरोबर लिहिलं आणि तरी चुकलो. मी पॉपकॉर्नकडे परत जातो.

चोडणची_फेरी

आली. तीन मोटारी, चाळीसेक स्कूटर, एक आजोबा माशांच्या पिशवीसकट. सुटली.